फिल्म नॉयर : गुन्हेगार सुरुवातीलाच कबुली देतो, मग पुढे बघायचं काय?

रातकिडा

'चांगले रहस्यपट सुचवा' धाग्यावर कुणीतरी लिहून गेलं की नॉयर (म्हणजे १९४०-५० च्या सुमाराचे हॉलिवूडचे गुन्हेपट) म्हणजे काळोख, पाऊस, टोपी आणि सिगरेट. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. माझं म्हणणं असं आहे की टोपी, पाऊस, सिगरेट सगळं काढून घेतलं तरी नॉयर उरतो. आपण बुडणार हे कळत असूनही पाऊल पुढे टाकणारा माणूस काढला, की मात्र काही उरत नाही.

नमुन्याला बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) घेऊ. रात्री लॉस एंजेलिसच्या ओस रस्त्यांवरून एक गाडी सुसाट येते. वॉल्टर नेफ नावाचा विमा एजंट खांदा सावरत कंपनीच्या रिकाम्या ऑफिसात शिरतो आणि डिक्टाफोनवर क्लेम विभागाच्या कीजसाठी निरोप बोलू लागतो. खून मी केला. पैशासाठी केला, बाईसाठी केला. पैसा मिळाला नाही आणि बाईही नाही. झालं, संपलं रहस्य! अजून दीड तासाच्या वर सिनेमा बाकी आहे.

आणि तरी आपण जागचे हलत नाही. कारण 'कुणी केलं' हा प्रश्नच वाइल्डरने फेकून दिलाय. उरतो तो दुसरा प्रश्न: एवढा हुशार, बोलघेवडा, या धंद्यातल्या लबाड्या कोळून प्यालेला माणूस पायातली साखळी मिरवत जिना उतरणाऱ्या बाईसाठी यात पडतोच कसा? बरं, तो काही भोळा नाही. नवऱ्याला न कळवता त्याच्या नावावर अपघात विमा काढता येईल का, असं त्या बाईने, फिलिसने, विचारल्याबरोबर त्याला सगळा डाव कळतो. तो तिला झिडकारून निघूनही जातो. आणि मग परत येतो. सिनेमा त्या 'परत येतो'मध्ये आहे.

एका प्रसंगाबद्दल थांबून लिहायलाच हवं. नवऱ्याचं प्रेत रुळांवर टाकून दोघं गाडीत बसतात. फिलिस किल्ली फिरवते, गाडी सुरू होत नाही. पुन्हा फिरवते, पुन्हा नाही. दोघं एकमेकांकडे बघतात. आणि इकडे आपण मनातल्या मनात म्हणत असतो, हो गं बाई सुरू! खुन्यांची गाडी सुरू व्हावी म्हणून आपण देव पाण्यात घातलेत हे ध्यानात येतं तेव्हा जरा चरकायला होतं.

आता सेन्सॉरबद्दल. जेम्स केनची ही गोष्ट १९३६ साली 'लिबर्टी' साप्ताहिकात क्रमशः आली. स्टुडिओंचा डोळा होता, पण हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडक झाली होती आणि ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने नाक मुरडलं. पडद्यावर यायला १९४४ उजाडलं. संहितेचा दंडक असा की गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. वाइल्डर आणि त्याचा सहलेखक रेमंड चँडलर यांनी काय केलं, तर शिक्षा पहिल्याच दृश्यात दाखवली आणि सगळी गोष्ट मागे वळून सांगितली. सेन्सॉरला हवी होती शिकवण, यांनी तिची नियती करून टाकली. ही चलाखी मला त्या काळातल्या कुठल्याही सावलीपेक्षा मोठी वाटते. (शेवटासाठी मृत्युदंडाच्या गॅस चेंबरचं दृश्यही चित्रित झालं होतं, वाइल्डरने ते काढून टाकलं. बरं केलं.)

आणि काळोखाचं म्हणाल तर नेफ आणि फिलिस खुनाची बोलणी करायला भेटतात कुठे? झगझगीत उजेडातल्या वाणसामानाच्या दुकानात, डब्यांच्या थप्प्यांआड. मधूनच एक गिऱ्हाईक बाई येऊन वरच्या फळीवरचा डबा काढून मागते. मला तो प्रसंग कुठल्याही अंधाऱ्या बोळापेक्षा जास्त घाबरवतो.

मावळती

मस्त लिहिलंय. मी यातला एकही पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू? आणि शेवट सांगू नका कुणी!

झिंगालाला

मावळतीताई, शेवट दुसऱ्याच परिच्छेदात सांगून झालाय, आणि दिग्दर्शकानेच सांगितलाय. :)

पाषाणभेदी

धागा छान, पण मुद्दा अजिबात पटला नाही. बुडणारा माणूस तर शोकांतिकेत ग्रीकांपासून आहे. मग ग्रीक नाटकं पण नॉयर का? प्रकाश काढलात तर तुमच्या हाती केनची कादंबरी राहील, सिनेमा नाही.

याच 'डबल इन्डेम्निटी'चं घ्या. नेफ पहिल्यांदा त्या घरात जातो तेव्हा दिवाणखान्यात पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यातून ऊन येतं आणि त्यात धूळ तरंगताना दिसते. छायाचित्रकार जॉन साइट्झने त्यासाठी अॅल्युमिनियमची बारीक पूड हवेत उडवली होती. बंद, कोंदट, न झाडलेलं लग्न तुम्हाला एका शब्दाविना कळतं. वर त्या पट्ट्यांच्या सावल्या नेफच्या कोटावर पडतात आणि गडी गजांआड गेल्यासारखा दिसतो, गुन्हा अजून डोक्यातही आलेला नसताना. तुमची ती नियती लिहिली आहे प्रकाशाने.

आणि ही लिपी आली कुठून? बर्लिनहून. वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक, एडगर उल्मर ही मंडळी १९३० च्या 'पीपल ऑन संडे' या जर्मन मूकपटावर एकत्र होती. आगेमागे सगळे हॉलिवूडला पोचले, बहुतेक जण हिटलर आल्यावर. दिग्दर्शक फ्रिट्झ लांगही. सोबत त्यांनी वाकडे कोन आणि माणसापेक्षा मोठी सावली नेली. 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' (१९४०) बघा, कथा सामान्य आहे, पण त्यातलं स्वप्नाचं दृश्य छायाचित्रकार निकोलस मुसुराकाने असं टिपलंय की पुढच्या पंधरा वर्षांचा नकाशाच समोर येतो.

लाइटदादा

वीसेक वर्षं शूटिंगवर लाइटिंगचं काम करतोय, म्हणून थोडं आमच्या बाजूने.

चेहऱ्यावरचा मुख्य दिवा म्हणजे की. त्याने पडलेल्या सावल्या पुसायला दुसरीकडून सौम्य उजेड देतात तो फिल. त्या काळच्या गोड सिनेमांत फिल भरपूर, हिरॉईनच्या चेहऱ्यावर एक सुरकुती दिसायची बिशाद नाही. या लोकांनी फिल जवळजवळ बंद केला. अर्धा चेहरा गेला तर गेला. मग कीपुढे कटर लावून उजेड आणखी कापायचा, फक्त डोळ्यांवर पट्टा ठेवायचा. बोलायला सोपं आहे. नट दोन इंच हलला की डोळे अंधारात आणि कपाळ उजेडात. खुणेवर उभं राहायची शिस्त लागते, जी आजकाल... जाऊ दे.

ओल्या रस्त्यांमागेही काव्य कमी, व्यवहार जास्त. रात्री कोरडं डांबर कॅमेऱ्यात काळं ठिक्कर पडतं, काही म्हणजे काही दिसत नाही. पाणी मारलं की दुकानाच्या पाट्या, रस्त्यावरचे दिवे त्यात उतरतात. फुकटचा उजेड.

आणि पैसा. युद्ध चालू होतं, अमेरिकन सरकारने १९४२ मध्ये एका सिनेमाच्या सेटसाठी नव्या सामानावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली होती. आता एवढ्यात महाल कुठून उभा करणार? अंधारात भिंत नसली तरी चालते. उल्मरच्या 'डिटूर'मध्ये (१९४५) न्यूयॉर्कचा रस्ता आहे, म्हणजे धुकं आहे. धुक्यात दोन माणसं आणि एक दिव्याचा खांब, हे झालं न्यूयॉर्क! त्यातच लिफ्ट मागायच्या दृश्यांत निगेटिव्ह उलटी छापलीय, त्यामुळे अमेरिकेत गाड्या डावीकडून धावतात आणि हिरो ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरतो. आपल्याला मुंबईकरांना पटकन लक्षातही येत नाही.

या विषयातला आमचा देव जॉन आल्टन. मूळचा हंगेरीचा. 'टी-मेन' (१९४७) आणि 'द बिग कॉम्बो' (१९५५) बघा. 'बिग कॉम्बो'च्या शेवटी विमानांचा एक हँगर, मागून एक दिवा, धुकं आणि दोन काळ्या आकृत्या. इतकंच. आजच्या पोरांना ट्रकभर लाइट दिले तरी असं जमत नाही.

झिंगालाला

लाइटदादा _/\_ असे प्रतिसाद आले की इथे यायचं सार्थक होतं.

रातकिडा

लाइटदादा, जबरदस्त माहिती. पण पाषाणभेदी, तुमच्या 'प्रकाशानेच लिहिलंय'ला माझ्याकडे एक उत्तर आहे: 'लीव्ह हर टू हेवन' (१९४५). भडक टेक्निकलर, निळंशार तळं, लखलखीत दुपार. जीन टियर्नी नावेत बसलीय. नवऱ्याचा अपंग धाकटा भाऊ पोहताना दमतो, मदतीला हाका मारतो. ती काळा चष्मा चढवते आणि बघत बसते. सावली औषधाला नाही. लिऑन शॅमरॉयला या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं. आता हा नॉयर नाही म्हणून दाखवा.

'आउट ऑफ द पास्ट' (१९४७) तर तुमच्याच मुसुराकाचा. त्याचा बराच भाग कॅलिफोर्नियाच्या डोंगरात, तळ्याकाठी, मोकळ्या हवेत घडतो. रॉबर्ट मिचम गाव गाठून पेट्रोल पंप चालवतोय, चांगल्या मुलीवर प्रेम करतोय. भूतकाळ त्याला भर उजेडात शोधत येतो.

पाषाणभेदी

'लीव्ह हर टू हेवन' हा बायकोच्या मत्सराचा कौटुंबिक मेलोड्रामा आहे, उत्तम आहे, पण नॉयर नाही. म्हणून दाखवलं.

आणि तुमच्या व्याख्येवर माझा उलट प्रश्न. 'द मॉल्टीज फाल्कन' (१९४१) मधला सॅम स्पेड कुठे बुडतो? बाईला स्वतःच्या हाताने पोलिसांना देतो आणि मोकळा होतो. 'द बिग स्लीप'चा मार्लो? ठणठणीत. 'लॉरा'चा डिटेक्टिव्ह? त्याला तर मुलगी मिळते! १९४६ मध्ये पॅरिसात समीक्षक नीनो फ्रांकने ज्या अमेरिकन सिनेमांना पहिल्यांदा 'फिल्म नॉयर' हे नाव दिलं त्यांत 'फाल्कन' होता. तुमची व्याख्या बारशालाच पोराला घराबाहेर काढतेय.

रातकिडा

स्पेड वाचतो, पण हाती काय राहतं? भागीदार मेला, जिच्यावर जीव जडला तिला फासाच्या वाटेवर धाडली, आणि एवढे जीव घेणारा तो फाल्कन पक्ष्याचा पुतळा निघाला शिशाचा. तरी मान्य, हे डिटेक्टिव्हवाले सिनेमे वेगळ्या घराण्यातले. 'फाल्कन'चा लेखक हॅमेट आणि मार्लोचा जनक चँडलर 'ब्लॅक मास्क' या स्वस्त रहस्यकथांच्या मासिकात वाढले. त्यांचा नायक घाणीतून चालतो, पण स्वतःची एक सचोटी राखून. केनचा नायक स्वतःच घाण असतो. मी त्यांना नॉयरचे थोरले चुलत भाऊ म्हणेन.

पाषाणभेदी

म्हणजे नियमात बसत नाहीत ते सगळे चुलत भाऊ! सोय चांगली आहे.

काळापहाडचा_पंखा

'ब्लॅक मास्क'वरून बाबूराव अर्नाळकर आठवले. लायब्ररीत झुंजार आणि काळापहाडसाठी नंबर लावणारी आमची पिढी. स्वस्त कागद, एका बैठकीत फडशा, मोठ्या साहित्यिकांनी नाक मुरडलेलं, हे सगळं तसंच. पण आमचा झुंजार कितीही अडचणीत सापडला तरी आम्ही निर्धास्त असायचो. तो विमा कंपनीच्या ऑफिसात बसून रडगाणं गायला नसता. :)

अनघा_फ्रीमाँट

कुणीतरी बायकांबद्दल बोलेल म्हणून वाट पाहत होते. 'पायातली साखळी मिरवत जिना उतरणारी बाई' यापुढे चर्चा सरकलीच नाही!

या सिनेमांत पुरुषांची नजर बायकांना घाबरलेली आहे हे उघड आहे. युद्धात पुरुष बाहेर गेले, बायका कारखान्यांत गेल्या, पगार आणू लागल्या. पुरुष परतल्यावर त्यांनी मुकाट स्वयंपाकघरात जावं ही अपेक्षा. मग पडद्यावर जी बाई स्वतःला काही हवंय म्हणते तिच्या हातात पिस्तूल दिलं जातं. 'मिल्ड्रेड पिअर्स' (१९४५) हे याचं ढळढळीत उदाहरण. केनच्या कादंबरीत खून नाहीच! नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई पाय (pie) नावाचे गोड पदार्थ भाजून विकून, वेट्रेसचं काम करून हॉटेलं उभी करते, लेकीपायी पिचते, ही मूळ गोष्ट. सिनेमाने सुरुवातीलाच एक प्रेत आणलं आणि तिला पोलीस चौकीत बसवून आयुष्याचा जबाब द्यायला लावला. जोन क्रॉफर्डला ऑस्कर मिळालं ते ठीक, पण धंदा करणाऱ्या बाईला आरोपीच्या खुर्चीतच का बसवलं, हे विचारायला हवं.

पण म्हणून मी हे सिनेमे टाकून देत नाही. त्याच काळातल्या 'चांगल्या' सिनेमांतल्या नायिकांना तोंड उघडायला जागा नसते, इथे त्यांना सगळ्यात धारदार वाक्यं मिळतात. 'द बिग हीट' (१९५३) मधली ग्लोरिया ग्रॅहम बघा. ली मार्विन तिच्या तोंडावर उकळती कॉफी फेकतो, आणि ती त्याचं उट्टं काढते. हीच ग्लोरिया 'इन अ लोनली प्लेस' (१९५०) मध्ये हम्फ्री बोगार्टसमोर आहे. तिथे तर सगळं उलटतं. धोका बाईचा नाहीच. धोका आहे प्रेमात पडलेल्या पुरुषाच्या रागाचा. सिनेमा हळूहळू तिच्या बाजूला सरकतो आणि शेवटी ती खोलीतली भीती अंगावर येते. रातकिडा, तुमचा 'कळूनही पाऊल टाकणारा' नेहमी पुरुषच का, हे पण बघा.

आणि आयडा लुपिनो विसरू नका. नटी, मग दिग्दर्शिका. 'द हिच-हायकर' (१९५३) तिचा. मासेमारीला निघालेले दोन मित्र आणि त्यांना ओलीस धरणारा खुनी. बाईने केलेल्या या नॉयरमध्ये मोहिनी घालणारी बाईच नाही.

मावळती

अनघाताई, 'इन अ लोनली प्लेस' यादीत टाकला.

धोंडोपंत

एक बाजू राहिली. १९४७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीने हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी सुरू केली. 'क्रॉसफायर' हा ज्यूद्वेषावरचा नॉयर त्याच वर्षीचा. त्याचा दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक आणि निर्माता एड्रियन स्कॉट दोघेही 'हॉलिवूड टेन'मध्ये, म्हणजे समितीला उत्तरं नाकारणाऱ्या दहा जणांत, दोघांनाही तुरुंग. पुढे १९५१ मध्ये डमिट्रिकने साक्ष देऊन सहकाऱ्यांची नावं सांगितली. 'फोर्स ऑफ इव्हिल' (१९४८) चा दिग्दर्शक अब्राहम पोलॉन्स्की काळ्या यादीत, म्हणजे हॉलिवूडमध्ये काम बंद. त्यातला नट जॉन गारफिल्ड चौकश्यांच्या ताणात १९५२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी गेला. दिग्दर्शक ज्यूल्स डासिन युरोपला निघून गेला आणि पॅरिसात त्याने 'रिफिफी' (१९५५) केला. 'गन क्रेझी' (१९५०) काळ्या यादीतल्या डाल्टन ट्रंबोने लिहिला, पडद्यावर नाव मिलार्ड कॉफमनचं.

'फोर्स ऑफ इव्हिल' आकड्यांच्या जुगारावर आहे, म्हणजे आपल्या मटक्याच्या जातीचा. त्यातला वकील ज्या थंडपणे बोलतो त्यावरून कळत नाही की हा गुन्हेगारीबद्दल बोलतोय की कुठल्याही धंद्याबद्दल. पोलॉन्स्कीला तेच दाखवायचं होतं असं मला वाटतं. तेव्हा नॉयरमधला 'कुणीतरी पाठलाग करतंय' हा भाव नुसता जर्मन प्रकाशातून आलेला नाही. लिहिणाऱ्यांच्या दाराशी खरोखर माणसं उभी होती.

बाबूडी

प्रत्येक धाग्यात राजकारण आणलंच पाहिजे का?

धोंडोपंत

मी नाही आणलं, त्यांनी आणलं. मी फक्त श्रेयनामावली वाचतोय.

पश्चिमकिनारा

मी लॉस एंजेलिसला राहतो. हे सिनेमे पाहताना मला कथेइतकंच मागचं शहर बघावंसं वाटतं. डाउनटाउनला बंकर हिल नावाची टेकडी होती, जुन्या लाकडी बंगल्यांच्या खानावळी झालेल्या. 'क्रिस क्रॉस' (१९४९) आणि 'किस मी डेडली' (१९५५) मध्ये ती जिवंत आहे. पुढे नगरसुधारणेच्या नावाखाली सगळी पाडली, आता तिथे काचेचे टॉवर. ब्रॅडबरी बिल्डिंग मात्र शाबूत आहे, 'डी.ओ.ए.' (१९५०) चा शेवट तिथलाच. त्या सिनेमाचा नायक पोलिसांकडे खुनाची तक्रार द्यायला जातो. कुणाच्या? स्वतःच्या. विष चढलेलं आहे, थोडाच वेळ हाताशी आहे. रातकिडांच्या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

कोथरूडचा_राजा

आता आपल्याकडे या. जर्मन सावली हॉलिवूडलाच गेली असं नाही, ती मालाडलाही आली. हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीजमध्ये म्युनिकचा जोसेफ वीर्शिंग छायाचित्रकार होता. युद्धात ब्रिटिशांनी जर्मन म्हणून त्याला स्थानबद्ध केलं. सुटल्यावर त्याने 'महल' (१९४९) केला. कथा भुताटकीच्या वळणाची, पण त्यातला अंधार बघा आणि सिओडमाकचा अंधार बघा, सख्खी भावंडं.

दुसरा धागा पुण्याचा. गुरुदत्त प्रभातमध्ये उमेदवारी करत होता, देव आनंदशी मैत्री तिथलीच. मुंबईला आल्यावर तो ज्ञान मुखर्जींचा सहाय्यक झाला, म्हणजे 'किस्मत'वाले. पाकीटमाराला नायक करणारे. आणि मग 'बाजी' (१९५१). जुगारी नायक, क्लब, टोपी, धूर, गिटार.

प्रभातचंच म्हणायचं तर शांताराम बापूंचा 'माणूस' (१९३९) या सगळ्यांच्या आधीचा. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना. रात्रीचे बोळ, दिव्याच्या खांबाखालचं वर्तुळ, मामाचा खून. हॉलिवूडने नॉयर केला त्याच्या आधी पुण्याने केला, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

पाषाणभेदी

'माणूस'चा प्रकाश नॉयरचा, हे शंभर टक्के मान्य.

रातकिडा

आणि आत्मा नाही! मैना तुरुंगात जाते, गणपत कोसळतो, पण सिनेमा त्याला सावरून कामावर उभा करतो. 'माणूस' सांगतो की प्रेम गेलं तरी जगायचं. थोर सिनेमा आहे, पण मिचमच्या पेट्रोल पंपापासून कोसभर दूर.

'बाजी'चंही तेच. बाईचे दोन तुकडे केलेत: डॉक्टर कल्पना कार्तिक आणि क्लबमधली गीता बाली. गोळी कुणी झेलायची हे ठरलेलं. नायक मदन थोडी सजा भोगून सुटतो, बाहेर नायिका उभी. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, नायकाला बुडवायची कुणाची तयारी नव्हती. म्हणून मुंबईच्या या सिनेमांत अंधार असतो पण निराशा नसते.

कोथरूडचा_राजा

बघा, म्हणजे तुमच्या कसोटीवर मुंबईत एकही नॉयर झाला नाही, 'सी.आय.डी.' (१९५६) सुद्धा नाही. आणि कॅलिफोर्नियाच्या तळ्यावरची रंगीत दुपार मात्र नॉयर. अशी कसोटी काय कामाची?

लाइटदादा

'सी.आय.डी.'ला हात लावायचा नाही. व्ही. के. मूर्तींचं छायाचित्रण आहे ते.

मावळती

'डिटूर' पाहिला, तासाभराच्या आतबाहेरचाच आहे म्हणून त्यानेच सुरुवात केली. लाइटदादा, उलट्या गाड्या दिसल्या! पण मला वेगळीच शंका आली. त्यातला नायक अल सारखं म्हणतो की माझा काही दोष नाही, नशिबाने पाय ओढला. एक माणूस आपोआप मेला, मग दुसरंही माणूस अपघातानेच मेलं. सगळं आपण त्याच्याच तोंडून ऐकतोय. मला तर तो धडधडीत खोटं बोलतोय असं वाटलं. आणि तसं असेल तर रातकिडा, 'बुडणार हे कळूनही पाऊल टाकणारा' हा तुमचा माणूस म्हणजे नंतर जबाब रचणारा आरोपी नाही का? नेफचंही डिक्टाफोनवरचं सगळं खरंच मानायचं का?

पाषाणभेदी

मावळतीताई, पहिल्याच सिनेमात धागालेखकाची विकेट! यावर वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.